कमानीमागची बोटं

स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला ट्रामच्या शेवटच्या थांब्यासमोर ती लाल टपरी पुन्हा येऊन बसली आहे. भल्यामोठ्या स्ट्रॉबेरीच्या आकाराची, डोक्यावर हिरवी टोपी, आत मोबाइलमध्ये डोकं घातलेली कॉलेजातली मुलगी, आणि पुढ्यात पांढऱ्या श्पार्गेलच्या, म्हणजे शतावरीच्या कोंबांच्या, जुड्या. आमच्या चढाच्या रस्त्यावर कुंपणाकुंपणातून होलंडरचं झुडूप फुललं आहे. त्याची फुलं दिसतात भाताच्या चुरीसारखी, आणि वास निम्मा मधाचा, निम्मा मांजराचा. हे सगळं आलं की इथली माणसं एकदम मवाळ होतात. ईस्टर मागे पडलेला असतो, फिंग्स्टनची लांबलचक सुट्टी समोर असते, रात्रीच्या जेवणापर्यंत अंगणात ऊन असतं. एरवी वर न बघणारा शेजारी कुंपणावरून हवापाण्याचं बोलतो. मलाही हा ऋतू आवडायचा. गेल्या वर्षापासून मात्र होलंडरचा वास नाकात गेला की मी मान खाली घालून चालायला लागतो.

कारण याच दिवसांत शाळेत रेफेरात असतात. सातवीपासून पुढे प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा एक विषय घेऊन वर्गासमोर उभं राहून बोलावं लागतं, आणि त्याचे मार्क परीक्षेइतकेच धरले जातात. इथल्या आईबापांना त्याचं फारसं काही वाटत नाही. पोरगं बोलेल, अडखळेल, घरी येईल. मला वाटलं. माझी मुलगी सई गेल्या वर्षी सातवीत होती, विषय इतिहास होता, आणि तिनं निवडलं होतं फ्रान्समधलं एक गाव: कोंक.

कोंकला आम्ही त्याच ईस्टरच्या सुट्टीत जाऊन आलो होतो. मी, माझी बायको मुग्धा आणि सई. स्टुटगार्टहून गाडीनं दिवसभराचा रस्ता. शेवटी शेवटी दरीतून वळणं घेत घेत गाडी चालली आणि एका वळणावर, डोंगराच्या कुशीत कुणी ओंजळीतून ठेवावं तसं ते गाव दिसलं. दगडी फरशांची काळपट छपरं, त्यांतून वर आलेले चर्चचे बुरूज, आणि पाठीवर पिशव्या घेतलेली, पायांना पट्ट्या बांधलेली माणसं. स्पेनपर्यंत पायी जाणाऱ्यांच्या वाटेवरचं हे एक जुनं मुक्कामाचं ठिकाण. मध्ययुगात इथे प्रचंड गर्दी व्हायची, आता पावाच्या दुकानापुढची रांग तेवढी दिसते.

त्या गावाची गोष्ट अशी की गावाकडे सगळं होतं, फक्त संत नव्हता. मठ होता, पण रानात, आडबाजूला. तिथे कोण कशाला येईल? दूरच्या आजां नावाच्या शहरात मात्र एका बारा वर्षांच्या मुलीच्या अस्थी होत्या. रोमनांच्या काळात श्रद्धेपायी मारली गेलेली मुलगी. तिच्या थडग्यापाशी चमत्कार होत. मग नवव्या शतकात कोंकच्या मठातला एक साधू आजांला गेला. ओळख लपवून तिथल्या मठात राहिला. नीट वागला. हळूहळू विश्वासातला झाला आणि त्या थडग्याच्या राखणीवरच त्याची नेमणूक झाली. म्हणतात, असा तो दहा वर्षं राहिला. मग एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना त्यानं थडगं फोडलं, अस्थी घेतल्या आणि कोंकची वाट धरली. कोंकवाल्यांनी नंतर लिहून ठेवलं की ही चोरी नव्हेच, त्या मुलीलाच इकडे यायचं होतं.

मी हे गाडीत मोठ्यानं वाचून दाखवत होतो. मुग्धा चालवत होती. मागच्या सीटवरून सई म्हणाली, "आणि तिला कुणी विचारलं?"

सई बोलते जर्मनमधून. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितोय एवढंच.

"कुणाला?"

"त्या मुलीला. यायचंय का म्हणून."

"अगं, ती मेलेली होती."

"हां. मग सोपंच आहे," सई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा: "बाबा, दहा वर्षांत त्या साधूचे तिथे मित्र झाले असतील ना? त्याला तिथलं जेवणबिवण आवडायला लागलं असेल. मग निघताना त्याला कसं वाटलं?"

मी म्हटलं, "तसं काही इतिहासात लिहिलेलं नाही."

हे वाक्य मी किती सहज बोललो. वर्षभर ते माझ्या कानात आहे. ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून मला निदान गप्प तरी बसता आलं असतं, त्यावर मी शिक्का मारून फाइल बंद केली. तोही कुणी? पंधरा-सोळा वर्षं परक्या मुलखात नीट वागून, ऑफिसच्या किल्ल्या विश्वासानं हातात घेऊन, रोज मनात "एक दिवस परत जायचंय" म्हणणाऱ्या माणसानं. मला त्या साधूबद्दल काही सुचलंच नसेल असं नाही. सुचायला नको होतं.

कोंकच्या चर्चच्या दारावर कमानीत कोरलेला मोठा देखावा आहे. अखेरच्या निवाड्याचा. मधोमध देव, एका बाजूला स्वर्गातली शहाणी माणसं ओळीनं बसलेली, दुसऱ्या बाजूला नरक. नरकाची बाजू अर्थातच जास्त रंगलेली. मी तिथे उभा राहून मुग्धाला समजावत होतो की या अर्धगोल कमानींचा भार भिंतीवर कसा येतो, म्हणून भिंती जाड, म्हणून खिडक्या लहान. माझा धंदाच तो. दिवसभर मोटारीच्या सुट्या भागांवरचे ताण मोजतो. मुग्धा "हो, हो" म्हणत सावली शोधत होती. आत तिला कैद्यांच्या बेड्यांची गोष्ट फार आवडली. या मुलीच्या कृपेनं सुटलेले कैदी आपल्या बेड्या इथे आणून वाहायचे, आणि त्याच लोखंडातून गाभाऱ्याभोवतीच्या जाळ्या घडवल्या असं सांगतात. ही संत स्वप्नात येऊन बायकांकडे अंगठ्या आणि कंकणं मागायची, हे ऐकल्यावर तर ती हसायलाच लागली. "अरे, ही तर आपली शैलाआत्या! दुसऱ्याच्या हातात बांगडी दिसली की हिची झोप उडाली."

सई मात्र बाहेरच राहिली होती. मी बोलवायला गेलो तेव्हा ती मान वर करून कमानीच्या अगदी कडेला बघत होती.

"बाबा, ते बघ. ते कोण आहेत?"

मला आधी दिसेनात. मग दिसली. कमानीच्या बाहेरच्या कडेला, दगडाच्या दुमडलेल्या पट्टीमागून, छोटी छोटी तोंडं डोकावत होती. नाकाच्या वरचा भाग तेवढा, आणि पट्टीची कड घट्ट धरलेली बोटं. स्वर्गात नाहीत, नरकात नाहीत. नुसती बघताहेत. कोरणाऱ्यानं त्यांना काही काम दिलेलं नाही.

"त्यांना आत घेतलं नाही की त्यांना आत यायचं नाहीये?" सईनं विचारलं. मग तिथेच पायरीवर बसून तिनं ती तोंडं वहीच्या कागदावर काढली. मी घड्याळ बघितलं. पार्किंगची वेळ संपत आली होती.

परत आल्यावर, याच होलंडरच्या दिवसांत, ती एका संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. तिचा रेफेरात तयार होता, म्हणजे तिच्या मते तयार होता. त्यात तीन गोष्टी होत्या. डोकावणारी तोंडं. साधूचे मित्र. आणि तिथल्या संग्रहालयात ठेवलेली त्या संत मुलीची सोन्याची मूर्ती, जिचा चेहरा सईला बघवला नव्हता. "ती बारा वर्षांची आहे ना? मग ती त्या बँकवाल्या काकांसारखी का दिसते?"

मी हसलो. मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हेही खरं. पण कौतुकाच्या पाठोपाठ भीती आली. ही वर्गासमोर उभी राहून एवढंच बोलणार? कालखंड नाही, नकाशा नाही, वास्तुशैली नाही, आधार कुठून घेतले ते नाही? मला माझी ऑफिसातली पहिली मीटिंग आठवली. माझ्या जर्मनमधल्या एका वाक्याशी सगळे सभ्यपणे थांबले होते आणि मग एकानं तेच वाक्य नीट करून पुन्हा म्हटलं होतं. त्या सभ्यपणाचा चटका अजून जात नाही. माझ्या मुलीसाठी कुणी असं थांबायला नको. मी म्हटलं, "छान आहे. हे नंतर बघू. आधी जरा पाया घालू."

आमच्या पुण्यात हे कुणाला सांगायला नको. शाळेचा प्रकल्प म्हणजे घराचा प्रकल्प. माझ्या बहिणीनं भाच्यासाठी थर्माकोलचा ज्वालामुखी केला होता, आणि बक्षीस मिळालं तेव्हा डोळ्यांत पाणी तिच्याच आलं होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मूल म्हणजे आपणच, जरा उंचीला कमी.

मी आठवडाभर राबलो. ऑफिसातून आलो की लॅपटॉप उघडायचा. कमानींचे छेद, भाराच्या दिशा दाखवणारे बाण, यात्रेच्या वाटांचा नकाशा, यात्रेवर गाव कसं जगलं त्याचा तक्ता. स्लाइडमागून स्लाइड. सई शेजारी बसायची. माझ्या जर्मनमधल्या चुका ती गुपचूप दुरुस्त करायची. विचार मात्र माझेच राहू द्यायची. एकदा तिनं विचारलं, "तोंडं कुठे घालायची?" मी म्हटलं, "शेवटी वेळ उरला तर." तिचा चित्राचा कागद टेबलावरच होता. त्यावर माझ्या चहाच्या कपाचं तपकिरी कडं उमटलेलं मला दिसत होतं, आणि तरी कप मी पुन्हा तिथेच ठेवत होतो.

"अरे, रेफेरात कुणाचा आहे?" मुग्धानं पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"तिचाच. मी फक्त मदत करतोय."

"मदत! पोरगी जांभया देतेय आणि तू बाण काढतोयस."

आदल्या दिवशी मी सईकडून पाठ करून घेतलं. हात कुठे ठेवायचे, कुठे थांबायचं. मग सगळ्यात शेवटी, जाता जाता, मी म्हणालो, "आणि बाईंनी विचारलंच, तर सांग की सगळं तू एकटीनंच केलंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. काहीतरी जुळवून बघावं तसं.

"त्या साधूसारखं?" ती म्हणाली.

"काहीतरीच काय. झोप जा."

यानंतरचं लिहायला मला खरं तर आवडणार नाही. पण ललित लेख म्हणून होलंडरचा वास आणि लांबलेली संध्याकाळ तेवढी लिहायची आणि हे गाळायचं, हा पुन्हा तोच धंदा होईल.

दुसऱ्या दिवशी ती आली, दप्तर टाकलं, जेवायला बसली. रेफेरात झाला होता. मी ऑफिसातून लवकर निघून आलो होतो. समोर बसलो.

"कसा झाला?"

"गुट." म्हणजे चांगला.

"बाईंनी काही विचारलं?"

"विचारलं ना. म्हणाल्या, तुला स्वतःला यातलं काय सगळ्यात आवडलं?" तिनं पोळीचा तुकडा मोडला. "मी म्हटलं, बाबांना कमानी आवडतात."

मुग्धाचा हात भांड्यातच थांबला.

"मग?"

"मग सगळे हसले. मीपण हसले. बाई नाही हसल्या."

"अगं, पण तुला ती तोंडं आवडली होती ना? सांगायचं की!"

"ती स्लाइडमध्ये नव्हती," सई म्हणाली.

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलेलं नव्हतं. बसच्या वेळापत्रकात अमुक गाडी नव्हती म्हणावं तसं म्हटलं. आणि मी काय केलं? इथे सगळ्यात चांगला मार्क एक असतो, त्याखालचा दोन. मी विचारलं, "मार्क किती?"

"दोन."

"एक का नाही?"

हे माझ्या तोंडून गेलं. ते वाक्य बाहेर पडताना मी ऐकलं, जशी आपलीच गाडी कुंपणाला घासलेली ऐकू यावी. सई उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर रडारड, रुसवे असं काही झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. ती "पास्ट शोन" म्हणाली, म्हणजे ठीक आहे, चालतंय. आणि खरंच सगळं चालू राहिलं. फक्त तिनं मला दाखवणं थांबवलं. पूर्वी ती रस्त्यानं जाता जाता माझी बाही ओढायची: बाबा, त्या कुत्र्याच्या भुवया बघ. बाबा, त्या आजोबांनी दोन वेगळे मोजे घातलेत. बाबा, ते कोण आहेत? वर्षभरात माझी बाही कुणी ओढली नाही. ती बघते, मला दिसतं की बघते. नजर कुठेतरी कडेला अडकलेली असते. पण काय बघितलं ते आईला सांगते, मैत्रिणीला सांगते. मी विचारलं तर म्हणते, "निक्स." काही नाही.

त्या सोन्याच्या मूर्तीबद्दल मी नंतर वाचलं. सईला जे खटकलं होतं ते जाणकारांनाही खटकलेलं आहे. मूर्तीचं डोकं मूर्तीपेक्षा जुनं आहे. रोमन काळातलं, बहुधा कुण्या मोठ्या पुरुषाचं, कदाचित राजाचं. ते तयार डोकं मुलीच्या धडावर बसवून दिलं. कारागिरांनी वाईट हेतूनं केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना सोन्याचं, भारदस्त, लोकांनी मान झुकवावी असं काही हवं होतं. मुलीचा स्वतःचा चेहरा कसा होता कुणाला माहीत? आणि मग शतकानुशतकं माणसं डोंगर उतरून आली, त्या चेहऱ्यापुढे गुडघे टेकले, अंगठ्या वाहिल्या. सगळं तिच्या नावानं. मी ते पान वाचलं आणि लॅपटॉप मिटला. मुग्धानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बँकवाले काका. तिला कळलं. तिनं नुसता पाठीवर हात ठेवला, आणि त्या हातानं मला जास्तच लाज वाटली.

तर आता पुन्हा तो ऋतू. सई आठवीत आहे. या वर्षीचा विषय मला माहीत नाही. मुग्धाला माहीत आहे.

"सांगू?" परवा तिनं भाजी निवडताना विचारलं.

"नको."

"बाण काढायचे नाहीत ना?"

"नाही गं."

"बघ हां. नाहीतर पुन्हा येशील कमानी घेऊन."

हसण्यावारी नेतो आम्ही. पण मला झोप नीट लागत नाही. तिनं विचारावं असं वाटतं, आणि विचारलं तर काय करीन याची खात्री नाही. लॅपटॉपकडे हात जाईलच. भिंत जाड करायची सवय झालेल्या माणसाला खिडकी मोठी ठेवता येत नाही.

काल संध्याकाळी उकडत होतं. घराची सगळी दारं-खिडक्या उघडी होती, आणि होलंडरचा तो वास आत येऊन बसला होता. मी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना चढलो. सईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत ती बोलत होती. फोनवर नव्हे, एकटीच, उभी राहून, वर्गाला सांगावं तशी. मध्येच थांबायची, मागे जायची, वाक्य बदलायची. एके ठिकाणी स्वतःच्याच विनोदाला स्वतःच फिसकन हसली. पक्ष्यांबद्दल काहीतरी होतं, जे उडता उडताच झोपतात, असं काहीतरी. नीट ऐकू येईना. तिनं "किंवा मला तरी असं वाटतं" असं म्हटलेलं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

मी टोपली खाली ठेवली. निघून जायला हवं होतं. गेलो नाही. भिंतीला चिकटून, दाराची कड धरून, जिन्याच्या वरच्या पायरीवर तसाच उभा राहिलो. वय पंचेचाळिशीपुढचं, खांद्यावर सईचाच एक ओला मोजा. आत जायची छाती नव्हती आणि खाली जायचं मन नव्हतं.

आतला आवाज थांबला.

"बाबा," ती म्हणाली, "बोटं दिसतायत."

मी बोटं काढली नाहीत. आतही गेलो नाही. थोड्या वेळानं तिनं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी जरा मोठ्यानं.